औषधाची मात्रा आणि श्वानाचे कूळ

पशुवैद्यकात औषधाची मात्रा बहुधा वजनावर ठरते. दर किलोग्रॅमला इतके मिलिग्रॅम हा कोष्टकातला आकडा रुग्णाच्या वजनाने गुणला की मात्रा मिळते, आणि दोन किलोंच्या चिवावापासून सत्तर-ऐंशी किलोंच्या मॅस्टिफपर्यंत एकाच प्राणिजातीत आढळणारा आकाराचा पसारा पाहता हीच पद्धत रूढ झाली यात नवल नाही. वजनाचा फरक जमेस धरला की उरलेल्या बाबतीत सगळी कुत्री औषधापुढे सारखीच, असे या गुणाकारात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात औषध आतड्यातून शोषले जाते, रक्तावाटे निरनिराळ्या ऊतींमध्ये पसरते, यकृतात त्याचे रासायनिक रूपांतर होते आणि शेवटी पित्तातून किंवा मूत्रातून ते बाहेर पडते. या प्रत्येक टप्प्यावर काम करणारी प्रथिने जनुकांच्या बरहुकूम घडतात आणि ती जनुके सगळ्या कुत्र्यांमध्ये एकसारखी नसतात. जनुकांमधील अशा फरकांचा औषधाच्या परिणामाशी असलेला संबंध तपासणाऱ्या शाखेला औषध-जनुकविज्ञान म्हणतात, आणि कुत्रा हा या शाखेचा फार बोलका विषय ठरला आहे.

याचे कारण कुत्र्यांच्या जातींच्या घडणीत आहे. शिकार, राखण, मेंढ्या वळणे अशा कामांनुसार वेगवेगळ्या ठेवणीची कुत्री माणसाने हजारो वर्षे पाळली असली तरी वंशावळीची नोंदवही आणि त्या नोंदवहीबाहेरच्या कुत्र्याशी संकर न करण्याचा दंडक या अर्थाने ज्याला आज ‘जात’ म्हणतात, ती बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनची निर्मिती आहे. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि त्यानंतर एकेका जातीची दारे बंद होत गेली. मोजक्या नर-माद्यांपासून सुरू झालेल्या बंदिस्त कुळात त्यांपैकी एखाद्याच्या अंगी असलेला दुर्मीळ जनुकीय दोष पुढच्या पिढ्यांत भराभर पसरू शकतो, विशेषतः तो दोष डोळ्यांना दिसत नसेल तर. औषधाशी संबंधित दोष नेमके असेच असतात, कारण ते औषध पोटात जाईपर्यंत कुत्रा पूर्णपणे निरोगी असतो.

या विषयाला तोंड फुटले ते आयव्हरमेक्टिन या औषधामुळे. जपानमधील कितासातो संस्थेचे सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून, अमेरिकेतील मर्क कंपनीत विल्यम कँपबेल यांच्या गटाने ते विकसित केले आणि १९८१ साली ते जनावरांसाठी बाजारात आले. माणसांतील नदी-अंधत्व आणि हत्तीरोग यांवरील त्याच्या उपयोगासाठी दोघांना २०१५ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. कृमी, गोचीड, खरजेचे किडे या परजीवींच्या चेतापेशींवर ग्लुटामेट नावाच्या द्रव्याने उघडणारे क्लोराइडचे मार्ग असतात, त्यांना हे औषध चिकटते आणि परजीवी लुळा पडून मरतो. सस्तन प्राण्यांत हे मार्ग नसतात. त्यांच्या मेंदूत त्यांचे दूरचे भाऊबंद म्हणता येतील असे, गाबा या द्रव्याने चालणारे मार्ग असतात आणि आयव्हरमेक्टिन पुरेशा प्रमाणात तिथे पोहोचले तर त्यांनाही ते सोडत नाही. सामान्यतः ते तिथे पोहोचतच नाही, आणि औषधाची सारी सुरक्षितता याच एका गोष्टीवर उभी आहे.

हे औषध कुत्र्यांना देण्यास सुरुवात झाल्यावर अल्पावधीतच पशुवैद्यांच्या ध्यानात आले की मेंढपाळांच्या लांब केसांच्या कोली जातीची काही कुत्री त्याने गंभीर आजारी पडतात. बाहुल्या विस्फारणे, लाळ गळणे, झोकांड्या जाणे, दृष्टी जाणे, कंप सुटणे आणि अखेरीस कित्येक दिवस टिकणारी बेशुद्धी, अशा क्रमाने विषबाधा वाढत जाई. बीगल कुत्र्यांनी दर किलोला सुमारे २,००० मायक्रोग्रॅमपर्यंतची मात्रा लक्षणांविना पचवली होती, तर संवेदनशील कोलींमध्ये शंभर-सव्वाशे मायक्रोग्रॅमच्या आसपास लक्षणे दिसू लागत. त्याच कळपातल्या, क्वचित त्याच वेतातल्या दुसऱ्या कोलीला मात्र काहीही होत नसे, त्यामुळे जातीकडे बोट दाखवूनही कोडे सुटत नव्हते. इंग्रजी बोलणाऱ्या पशुवैद्यांमध्ये ‘पाय पांढरे असतील तर औषध टाळा’ अशा अर्थाचे एक यमकबद्ध वाक्य रूढ झाले आणि दोनेक दशके हाच काय तो आधार होता. पायाच्या रंगाशी या दोषाचा काही संबंध नाही. मेंढपाळी कुत्र्यांत पांढरे पाय पुष्कळ दिसतात, एवढाच त्या वाक्यामागचा तर्क.

उलगड्याचा धागा कुत्र्यांच्या दवाखान्याबाहेर, कर्करोगाच्या संशोधनात सापडला. कर्कपेशी एका औषधाला सरावल्या की रासायनिकदृष्ट्या अगदी वेगळ्या अशा इतर औषधांनाही दाद देईनाशा होतात. कॅनडातील रूडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना १९७६ साली अशा निर्ढावलेल्या पेशींच्या पटलावर एक मोठे प्रथिन आढळले आणि त्याला पी-ग्लायकोप्रोटीन हे नाव मिळाले. पेशीत शिरलेली औषधे ऊर्जा खर्चून पुन्हा बाहेर उपसून टाकणे हे त्याचे काम. ते ज्या जनुकापासून घडते त्याला अनेक औषधांना होणाऱ्या विरोधावरून एमडीआर-१ म्हटले गेले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव एबीसीबी-१ असे आहे. निरोगी शरीरातही हे प्रथिन आतड्याच्या अस्तरात, यकृतातील पित्तमार्गाकडच्या कडेला, मूत्रपिंडात आणि मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीत असते, हे नंतर कळले. त्याचा मेंदूतील उपयोग ॲम्स्टरडॅम येथील कर्करोग संस्थेत आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांना काहीसा अनपेक्षितपणेच समजला. त्यांनी हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले होते. ते दिसायला, वागायला, प्रजननाला अगदी सामान्य होते. प्राणिगृहातील सर्व उंदरांवर किड्यांसाठी आयव्हरमेक्टिनचा नेहमीचा फवारा मारला गेला, तेव्हा हे उंदीर मेले आणि इतर जगले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार जनुक निकामी झालेला उंदीर या औषधाला सुमारे शंभरपट अधिक संवेदनशील होता.

उंदरांवरून कोलीपर्यंत येण्यास आणखी सात वर्षे लागली. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील कॅट्रिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन न सोसणाऱ्या कोलींचे एमडीआर-१ जनुक वाचले आणि २००१ साली दोष जाहीर केला: जनुकाच्या सुरुवातीच्या भागातून डीएनएची सलग चार अक्षरे गळालेली होती. प्रथिन घडवताना पेशी ही अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचते आणि प्रत्येक गटावरून एक अमिनो आम्ल जोडते. तीन अक्षरे गळाली असती तर साखळीतील एखादेच अमिनो आम्ल कमी झाले असते. चार गळाल्यामुळे पुढच्या सर्व गटांची विभागणीच सरकते, चुकीची अमिनो आम्ले जोडली जातात आणि थोड्याच अंतरावर ‘थांबा’ असा अर्थ देणारा गट अवेळी उभा राहतो. परिणामी प्रथिनाचा दहावा हिस्साही घडत नाही. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असल्याने पुष्कळशी द्रव्ये मेंदूबाहेरच अडतात, आणि मेदात विरघळून त्या पेशींतून पार होऊ पाहणारी आयव्हरमेक्टिनसारखी द्रव्ये पी-ग्लायकोप्रोटीन परत रक्तात टाकते. हा उपसा बंद पडला की औषध मेंदूत साचत जाते. त्यातच पित्तावाटे होणारी त्याची पाठवणीही मंदावते, म्हणून धोका दुहेरी होतो.

काटेकोरपणे पाहिले तर हा चयापचयाचा दोष नव्हे. चयापचयात औषधाचा रेणू बदलतो, येथे तो बदलत नाही, केवळ चुकीच्या जागी जाऊन राहतो. तरीही पुस्तकांत आणि बोलण्यात दोन्ही प्रकार एकाच मथळ्याखाली येतात आणि रुग्णाच्या दृष्टीने त्यांत फारसा भेद नसतो.

एमडीआर-१ दोषाची व्याप्ती आयव्हरमेक्टिनपुरती असती तर ते एक औषध वर्ज्य करून प्रश्न संपला असता. परंतु पी-ग्लायकोप्रोटीनच्या गिऱ्हाइकांची यादी मोठी आहे. जुलाबावरचे लोपेरामाइड हे अफूच्या कुळातले औषध असूनही गुंगी आणत नाही, कारण हेच प्रथिन त्याला मेंदूत शिरू देत नाही. सदोष कोलीला तेच औषध साध्या मात्रेत सुस्त करून टाकते. शांत करण्यासाठी दिले जाणारे ॲसेप्रोमॅझिन आणि वेदनाशामक ब्युटॉर्फेनॉल अशा कुत्र्यांत नेहमीपेक्षा खोल आणि लांबलेली गुंगी आणतात, म्हणून त्यांची मात्रा कमी करावी लागते. सर्वांत मोठा प्रश्न कर्करोगाच्या औषधांचा आहे. व्हिन्क्रिस्टिन, व्हिनब्लास्टिन, डॉक्सोरुबिसिन यांची उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांत मुळातच अंतर थोडे असते, आणि पित्तातून बाहेर पडण्याचा मार्ग मंदावलेल्या कुत्र्यात ती रक्तात रेंगाळून अस्थिमज्जेवर घाला घालतात. पांढऱ्या पेशींची संख्या धोकादायकरीत्या घसरते. भारतातील पशुवैद्यांना व्हिन्क्रिस्टिन परिचित आहे ते समागमातून कुत्र्याकडून कुत्र्याकडे पसरणाऱ्या जननेंद्रियांवरील गाठींमुळे. मोकाट कुत्र्यांत या गाठी सर्रास आढळतात आणि त्यांवर हेच औषध आठवड्याच्या अंतराने टोचले जाते. गावठी कुत्र्यांसाठी ही पद्धत चांगली रुळलेली आहे, तरी मेंढपाळी कुळातल्या पाळीव कुत्र्याला तीच मात्रा डोळे झाकून देता येत नाही.

आयव्हरमेक्टिनच्या बाबतीतही सरसकट बंदी हे खरे उत्तर नाही. हृदयकृमींच्या प्रतिबंधासाठी महिन्यातून एकदा दिल्या जाणाऱ्या गोळीत दर किलोला सुमारे ६ मायक्रोग्रॅम एवढेच औषध असते आणि ते दोन्ही प्रती सदोष असलेल्या कोलीलाही बाधत नाही. खरजेसाठी मात्र ३०० ते ६०० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या मात्रा वापरल्या जातात. गायी-म्हशींसाठीच्या एक टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे पंचवीस किलोंच्या कुत्र्याला त्यातला एक मिलिलिटर टोचला तर दर किलोला ४०० मायक्रोग्रॅम पोहोचतात, प्रतिबंधक गोळीच्या साठपटींहून अधिक. खरूज-गोचिडांवर जनावरांचे इंजेक्शन कुत्र्यालाही देण्याचा प्रघात महाराष्ट्रात खेडोपाडी आहे. गावठी कुत्री तो सहसा सोसतात, आणि त्यामुळेच तो निर्धोक असल्याचा समज पक्का होतो. औषध पाजलेल्या घोड्याच्या ताज्या लिदीत तोंड घातल्यानेही सदोष कुत्र्यांना विषबाधा होऊ शकते, कारण न बदललेले औषध लिदीतूनच बाहेर पडते. यावर नेमका उतारा नाही. श्वासोच्छ्वास, शरीराचे तापमान आणि पोषण सांभाळत औषध ओसरण्याची वाट पाहावी लागते, आणि ती काही वेळा आठवड्यांची असते.

दोष सापडल्यावर तो कोणकोणत्या जातींत आहे याचा शोध सुरू झाला आणि त्यातून जातींचा इतिहासच वाचता आला. २००४ साली मार्क नेफ आणि सहकाऱ्यांनी अनेक जातींची तपासणी करून नऊ जातींत हीच चार अक्षरे गळालेली असल्याचे दाखवले. दोषाच्या दोन्ही बाजूंचा डीएनएही या सर्व जातींत जुळत असल्याने, दोष पुनःपुन्हा स्वतंत्रपणे उद्भवला नसून १८७३ पूर्वी ब्रिटनमध्ये होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याकडून तो सर्वांकडे आला असावा असा निष्कर्ष निघाला. कोली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, ओल्ड इंग्लिश शीपडॉग ही मेंढपाळी मंडळी या यादीत असणे अपेक्षित होते. लांब केसांचा व्हिपेट आणि सिल्कन विंडहाउंड ही ससे पळवणाऱ्या सडपातळ शिकारी कुत्र्यांची नावे पाहून मात्र भुवया उंचावल्या. त्यांच्या केसाळ अंगात मेंढपाळी रक्त कधीतरी मिसळले होते याचा तो जनुकीय पुरावाच ठरला. वंशावळीची वही लपवू शकते ते जनुक लपवत नाही.

अमेरिकेत केलेल्या तपासण्यांत कोलींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुत्र्यांत या दोषाची निदान एक प्रत आढळते, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये निम्म्याच्या आसपास, शेटलँड शीपडॉगमध्ये सातांत एक, तर जर्मन शेफर्डमध्ये सुमारे दहांत एक. नावात ‘कोली’ असूनही बॉर्डर कोलीत तो शंभरांत पाचांहूनही कमी सापडतो. केवळ नावावरून केलेला अंदाज बॉर्डर कोलीबद्दल अकारण भीती निर्माण करतो आणि जर्मन शेफर्डबद्दल गाफील ठेवतो. या दोहोंपैकी महाराष्ट्राला दुसऱ्याची दखल अधिक घ्यायला हवी, कारण येथे कोली क्वचितच दिसते. ‘अल्सेशियन’ या जुन्या नावाने ओळखला जाणारा जर्मन शेफर्ड मात्र घरोघरी आणि पोलिसांच्या श्वानपथकांतही आहे. अशा कुत्र्याचे मिश्र पिल्लू दिसायला संपूर्णपणे गावठी असले तरी दोष त्याच्याकडे उतरू शकतो.

ग्रेहाउंडची कथा खऱ्या अर्थाने चयापचयाची आहे. शर्यतींसाठी पोसलेल्या या कुत्र्याला थायोपेंटाल हे भुलीचे औषध दिले तर जाग येण्यास इतर कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, हे पशुवैद्यांना दीर्घकाळ माहीत होते. त्याचे स्पष्टीकरण शरीराच्या ठेवणीवरून दिले जाई: थायोपेंटालची भूल उतरते ती सुरुवातीला औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरल्यामुळे, आणि ग्रेहाउंडच्या अंगावर चरबीच जेमतेम असल्याने औषधाला जायला जागा उरत नाही. हे स्पष्टीकरण इतके सुटसुटीत होते की ते पाठ्यपुस्तकांत घट्ट बसले. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात रिचर्ड सॅम्स आणि विल्यम म्यूर यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांनी त्याला तडा दिला. ग्रेहाउंडना आधी काही दिवस फेनोबार्बिटाल दिले असता थायोपेंटालचा निचरा वेगाने होऊन ती लवकर शुद्धीवर येऊ लागली. फेनोबार्बिटाल यकृतातील औषध मोडणाऱ्या विकरांचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचे उत्पादन वाढवते. चरबी ते वाढवत नाही. अडथळा यकृतात होता हे त्यावरून उघड झाले.

यकृतातील या विकरांच्या मोठ्या कुटुंबाला सायटोक्रोम पी-४५० म्हणतात आणि त्यातील प्रत्येक सदस्याला अंक-अक्षरांचे नाव असते. प्रोपोफॉल हे आज सर्वत्र वापरले जाणारे भुलीचे औषध कुत्र्यात मुख्यतः सीवायपी-२बी-११ या सदस्याकडून मोडले जाते, आणि ग्रेहाउंडमध्ये त्याचाही निचरा संथ असतो. २०२० साली मायकेल कोर्ट आणि सहकाऱ्यांनी या विकराच्या जनुकातील फरक प्रसिद्ध केले. कोलीच्या दोषापेक्षा हे प्रकरण सूक्ष्म आहे. येथे प्रथिनाचा आराखडा शाबूत असतो. बदल असतो तो जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या शेवटच्या भागात, ज्याचे प्रथिनात भाषांतर होत नाही, परंतु त्या संदेशावरून किती प्रथिन घडावे हे ज्याच्यावर अवलंबून असते. विकर बिनचूक घडते, फक्त थोडे घडते. बोर्झोई, इटालियन ग्रेहाउंड अशा सडपातळ शिकारी जातींत हे फरक सापडावेत हे ठीकच, पण गोल्डन रिट्रीव्हर आणि लॅब्राडोर या जाडजूड, चरबीची कमतरता नसलेल्या लोकप्रिय जातींतही ते आढळले. चरबीच्या जुन्या स्पष्टीकरणावर भिस्त ठेवणाऱ्याने या दोन जातींकडे कधी वळूनही पाहिले नसते.

बीगलमधील फरकांचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. सुटसुटीत आकार आणि सोशिक स्वभाव यांमुळे हा कुत्रा औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरला जात आहे, आणि नवे औषध माणसाला देण्यापूर्वी त्याची सुरक्षितता अनेकदा बीगलवर जोखली जाते. सांधेदुखीवरील सेलेकॉक्सिब या औषधाच्या अभ्यासात २४२ बीगल तपासले असता ते दोन गटांत विभागले गेले. एका गटात औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सरासरी पावणेदोन तासांच्या आसपास वेळ लागला, तर दुसऱ्यात पाच तासांहून अधिक. आणि हा मंद गट अपवादात्मक नव्हता, त्यात निम्म्याहून अधिक कुत्री होती. पुढे जपानी संशोधकांना २००४ च्या सुमारास सीवायपी-१ए-२ या विकराच्या जनुकात असा बदल सापडला की एकाच अक्षराच्या फरकाने ‘थांबा’ हा संदेश मध्येच येतो आणि दोन्ही प्रती तशा असलेल्या बीगलच्या यकृतात हे विकर घडतच नाही. सुरक्षिततेच्या चाचणीत प्रत्येक मात्रेच्या गटात मोजकीच कुत्री असतात. त्यांत योगायोगाने मंद कुत्री अधिक आली तर औषध आहे त्याहून विषारी भासू शकते, आणि वेगवान अधिक आली तर त्याउलट. या परिणामांची झळ अखेर माणसाच्या औषधपेटीपर्यंत पोहोचते.

जातिभेदांच्या या चर्चेत एक सामाईक उणीव विसरून चालत नाही. काही औषधांना ॲसिटिल हा रासायनिक गट जोडून ती निरुपद्रवी करणारी विकरे माणसात असतात. कुत्र्यात ती घडवणारी जनुकेच नाहीत, आणि रानटी श्वानकुळातही ती आढळलेली नाहीत. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील प्रोकेनामाइड माणसाच्या शरीरात ज्या रूपात बदलते ते रूप म्हणूनच कुत्र्यात तयार होत नाही. सल्फा औषधांची तीव्र प्रतिक्रिया कुत्र्यांत येते तेव्हा ही उणीव तिला हातभार लावते असे मानले जाते. डॉबरमन पिन्शरमध्ये अशी प्रतिक्रिया विशेषकरून नोंदली गेली आहे. उणीव मात्र सगळ्याच श्वानकुळाची असल्याने डॉबरमनचा वेगळेपणा तिच्यातून उलगडत नाही.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की निर्दोष जनुकाच्या कुत्र्यालाही सदोष कुत्र्यासारखे वागायला लावता येते. बुरशीवरचे किटोकोनॅझोल आणि पिसवांवरचे स्पिनोसॅड ही औषधे पी-ग्लायकोप्रोटीनचे काम अडवतात, त्यामुळे स्पिनोसॅडची गोळी घेत असलेल्या कुत्र्याला खरजेसाठी मोठ्या मात्रेत आयव्हरमेक्टिन दिले तर जनुक ठीक असूनही कोलीसारखी विषबाधा होऊ शकते. जनुकाची चाचणी येथे दिलासा देईल, पण तो खोटा असेल. कुत्र्याला आणखी काय दिले जात आहे हा साधा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

एमडीआर-१ ची चाचणी गालाच्या आतील बाजूस फिरवलेल्या बोळ्यावरून होते आणि तिचे उत्तर तीन प्रकारचे असते: दोन्ही प्रती निर्दोष, एक सदोष, किंवा दोन्ही सदोष. एकच प्रत सदोष असलेला कुत्रा पुष्कळ औषधे निभावून नेतो, पण कर्करोगाच्या औषधांत त्याचीही मात्रा उतरवावी लागते आणि तो दोष निम्म्या पिल्लांना देण्याची शक्यता असते. सदोष कुत्र्यांना पैदाशीतून वगळावे हा उपाय जर्मन शेफर्डपुरता व्यवहार्य वाटतो. कोलीत तसे करायचे म्हटले तर चारपैकी तीन कुत्री बाद होतील आणि उरलेल्या मूठभर कुत्र्यांच्या आपसांतील संकरातून डोळ्यांच्या किंवा अन्य आनुवंशिक विकारांना वाव मिळेल. म्हणून सदोष कोलीची जोडी निर्दोष कोलीशी लावायची, पिल्लांची चाचणी करायची आणि चांगल्या गुणांची निर्दोष पिल्ले पुढच्या पैदाशीला ठेवायची, असा काही पिढ्यांचा सावकाश मार्गच तेथे शहाणपणाचा आहे.